नवशिक्यांसाठी गोल्फ क्लबची निवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात कुस्ती, फुटबॉल किंवा नेमबाजी यांपैकी कशाविषयीही शंका आली, तर उत्तर देणारा जाणकार पेठेतच भेटतो. गोल्फचे तसे नाही. माझ्या ओळखीत पुण्या-बेंगळुरूला किंवा परदेशात नोकरी करून परतलेली काही मंडळी आहेत, शिरोली आणि गोकुळ शिरगावचे काही कारखानदार आहेत, आणि या सर्वांकडून मला जवळजवळ तेच ते प्रश्न वारंवार विचारले जातात. मी स्वतः चाळिशी ओलांडल्यावर हा खेळ सुरू केला आणि अंगाला न बसणारा सेट घेतल्यामुळे पहिले दीड वर्ष वाया घालवले. ते इतर कोणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून ही उत्तरे सविस्तर लिहून काढली आहेत. यात ‘क्लब’ हा शब्द चेंडू मारण्याच्या काठीसाठी वापरला आहे. खेळाडूची पिशवी वाहणारी कॅडी मंडळी तिला ‘स्टिक’ म्हणतात.

गोल्फ शिकायचे ठरवले आहे. पहिल्याच दिवशी किती क्लब विकत घ्यावे लागतील?

एकही नाही. पहिले चार-पाच धडे प्रशिक्षकाच्या किंवा सरावाच्या मैदानावरील क्लबने घ्यावेत. या काळात आपला फटका स्थिर नसतो, त्यामुळे आज जो क्लब हाताला बरा वाटतो तो महिन्याभराने वाटेलच असे नाही. त्यानंतर घ्यायचाच असेल तर एक 7 नंबरचा आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) आणि एक पटर (चेंडू घरंगळवण्याचा क्लब) घ्यावा. एवढ्या दोन वस्तूंवर दोन-तीन महिने उत्तम सराव होतो: पहिल्याने पूर्ण फटका शिकता येतो, अर्धा फटका शिकता येतो, हिरवळीच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड गवताच्या, कडेवरून चेंडू घरंगळत नेता येतो, आणि दुसऱ्याने घरातल्या सतरंजीवरही चेंडू सरळ सोडण्याची सवय लावता येते. अनेकांना हा सल्ला कंजूषपणाचा वाटतो, परंतु वाचलेले पैसे धड्यांवर खर्च केल्यास त्यांचा उपयोग कितीतरी अधिक होतो, असे माझे ठाम मत आहे.

नियमाप्रमाणे 14 क्लब बाळगता येतात, मग पूर्ण सेट एकदाच का घेऊ नये?

14 ही कमाल मर्यादा आहे, आवश्यकता नव्हे. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने ती 1938 मध्ये आणि सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए या संस्थेने 1939 मध्ये लागू केली, कारण त्यापूर्वी काही खेळाडू वीस-पंचवीस क्लब घेऊन मैदानात उतरत आणि त्यांचे ओझे कॅडीला वाहावे लागे. किमान किती क्लब असावेत, याविषयी नियम काहीच सांगत नाही.

पूर्ण सेटमधील शेजारच्या दोन आयर्नांच्या अंतरात कसलेल्या खेळाडूच्या हातून साधारण दहा यार्डांचा फरक पडतो. नवशिक्याच्या हातून एकाच 7 नंबरच्या आयर्नने मारलेले दहा चेंडू एकमेकांपासून तीस-चाळीस यार्ड मागेपुढे पडतात. अशा अवस्थेत 6, 7 आणि 8 नंबर तिन्ही जवळ असण्याने काही साधत नाही, उलट प्रत्येक फटक्याआधी कोणता क्लब काढावा हा संभ्रम वाढतो.

मग अर्ध्या सेटमध्ये नेमके कोणते क्लब असावेत?

सात क्लब पुरेसे आहेत. माझी निवड अशी असेल: 5 नंबरचा वुड, 5 नंबरचा हायब्रिड, 7 आणि 9 नंबरचे आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर. वुडचे डोके मोठे व दांडा लांब असतो आणि तो लांब अंतरासाठी वापरतात. लांब, म्हणजे लहान नंबरच्या, आयर्नने चेंडू उचलणे अवघड जाते, त्या जागी हायब्रिड येतो. त्याच्या डोक्याचे वजन खाली आणि मागच्या बाजूला असल्यामुळे रानटी गवतातूनही चेंडू हवेत चढतो. आयर्न मधल्या अंतरासाठी, वेज हिरवळीजवळच्या उंच व आखूड फटक्यांसाठी आणि पटर हिरवळीवर चेंडू भोकापर्यंत घरंगळवण्यासाठी असतो.

3 आणि 4 नंबरच्या आयर्नच्या वाटेला नवशिक्याने मुळीच जाऊ नये. जुन्या सेटमध्ये ते मिळाले तर घरी ठेवून द्यावेत.

आयर्न ‘कास्ट’ घ्यावेत की ‘फोर्ज्ड’? दुकानदार फोर्ज्ड अधिक चांगले असे सांगतात.

हा प्रश्न कोल्हापुरात सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे कारण उघड आहे: ओतकाम (कास्टिंग) आणि घडाई (फोर्जिंग) यांतला फरक इथल्या निम्म्या घरांना ठाऊक असतो. उद्यमनगर या इथल्या कारखान्यांच्या भागात घडाईचा भाग ओतीव भागापेक्षा मजबूत मानला जातो, कारण घडाईत धातूचे कण दाबले जाऊन एका दिशेला वळतात. इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडच्या बाबतीत हा विचार अगदी बरोबर आहे. गोल्फ क्लबच्या बाबतीत तो तसाच्या तसा लावू नये, कारण येथे डोक्याला मोडण्याइतका ताण क्वचितच येतो. येथे महत्त्व आहे ते वजन कोठे ठेवता येते याला.

कास्ट आयर्नचे डोके बहुतेक वेळा 17-4 जातीच्या स्टेनलेस स्टीलचे असते आणि ते इन्व्हेस्टमेंट कास्टिंगने, म्हणजे मेणाचा नमुना करून त्यावर सिरॅमिकचे थर चढवून, मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातू ओतून तयार करतात. आपल्याकडील वाळूच्या साच्यापेक्षा या पद्धतीत बारीक आकार अधिक नेमका उतरतो, त्यामुळे डोक्याच्या मागचा मधला भाग पोकळ ठेवून ते वजन कडांना व तळाला नेणे सोपे होते. यालाच ‘कॅव्हिटी बॅक’ म्हणतात. फोर्ज्ड आयर्न मऊ कार्बन स्टीलचा घडवलेला असतो. त्यातही मागे पोकळी ठेवता येते, परंतु त्यानंतरचे मशिनिंग वाढते आणि किंमतही वाढते. शिवाय पातळ, सपाट पाठीचे जे ‘ब्लेड’ आयर्न नामवंत खेळाडूंच्या पिशवीत दिसतात ते बहुधा फोर्ज्ड असतात, म्हणून दोन वेगळ्या गोष्टींची लोकांच्या मनात गल्लत होते.

वजन कडेला नेल्याने काय होते, ते समजण्यासाठी गुऱ्हाळावरच्या जुन्या ऑइल इंजिनाचे फ्लायव्हील आठवावे. त्याचे बहुतेक वजन धावेला असते, आणि म्हणूनच अचानक आलेल्या धक्क्याने त्याची चाल सहजासहजी बदलत नाही. आयर्नचेही तसेच आहे. चेंडू मधोमध न लागता टोकाकडे, म्हणजे दांड्यापासून दूरच्या बाजूला, लागला की डोके हातात वळू पाहते. कडेला वजन असलेले डोके कमी वळते, परिणामी चेंडू फार वाकडा जात नाही आणि अंतरही फारसे घटत नाही. ही कल्पना रूढ करण्याचे मोठे श्रेय कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्याला जाते. जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करत असताना स्वतःच्या पटिंगला कंटाळून त्यांनी घरच्या गॅरेजमध्ये कडेला वजन असलेला पटर बनवला आणि 1959 मध्ये ‘पिंग’ कंपनीची सुरुवात झाली. एका कारागिराने स्वतःच्या अडचणीतून काढलेला हा मार्ग आज प्रत्येक नवशिक्याच्या उपयोगी पडतो, याचे मला फार अप्रूप वाटते.

तेव्हा नवशिक्याने रुंद तळाचा, मागे खोल पोकळी असलेला कास्ट आयर्न निःशंकपणे घ्यावा. फोर्ज्डची खरी सोय एकच आहे: मऊ धातूमुळे त्याची मान, म्हणजे डोके दांड्याला जोडणारा भाग, वाकवून कोन जुळवून घेता येतो. 17-4 चे डोके एखाद-दोन अंशांपलीकडे वाकवू नये, नाहीतर मानेजवळ तडा जाण्याचा धोका असतो.

दांडा स्टीलचा असावा की ग्राफाइटचा? आणि त्यावरील आर, एस या अक्षरांचा अर्थ काय?

दांड्याला ‘शाफ्ट’ म्हणतात आणि माझ्या मते डोक्यापेक्षा त्याची निवड अधिक काळजीने करावी. आयर्नचा स्टील शाफ्ट साधारण 90 ते 130 ग्रॅमचा असतो, ग्राफाइटचा त्याहून बराच हलका, बहुतेक वेळा 50 ते 80 ग्रॅमच्या दरम्यान असतो. तरुण आणि अंगात ताकद असलेल्या माणसाला आयर्नसाठी हलक्या वजनाचा स्टील शाफ्ट चांगला. तो स्वस्त असतो आणि टिकतो. पन्नाशीपुढील व्यक्ती, सांधे दुखणारी मंडळी आणि ज्यांचा फटका मुळात संथ आहे अशा सर्वांनी ग्राफाइट घ्यावा, कारण तो फटक्याचा हादरा कोपरापर्यंत कमी पोहोचवतो. वुड, हायब्रिड आणि ड्रायव्हर (सर्वांत लांब अंतराचा क्लब) यांना हल्ली ग्राफाइटच असतो.

अक्षरे शाफ्टचा ताठपणा दाखवतात: एल म्हणजे सर्वांत लवचिक, त्यानंतर ए किंवा सीनियर, मग आर म्हणजे रेग्युलर, एस म्हणजे स्टिफ आणि एक्स म्हणजे अतिशय ताठ. ड्रायव्हरच्या डोक्याचा वेग ताशी 85 ते 95 मैल असेल तर आर, 95 ते 105 असेल तर एस, आणि 85 च्या खाली ए किंवा एल, असा ढोबळ आडाखा आहे. मात्र या अक्षरांचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसइतका ताठ असू शकतो, म्हणून केवळ अक्षर वाचून खरेदी करणे योग्य नाही.

माझी चूक येथेच झाली. एका मोठ्या शहरातील दुकानात मला ‘तुमची अंगकाठी मजबूत आहे’ असे सांगून जड, स्टिफ स्टीलचे शाफ्ट देण्यात आले, आणि तालमीत घालवलेल्या दिवसांच्या अभिमानाने मीही ते घेतले. परंतु खांद्यांतील ताकद आणि डोक्याचा वेग या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्यांनी तालमीत मुद्गल फिरवले आहेत त्यांना हे पटकन कळेल: मुद्गल मुठीकडे धरला की जड लागतो आणि उलटा करून जाड बाजूला धरला की तोच हलका वाटतो, जरी तराजूवर त्याचे वजन बदललेले नसते. क्लबमध्येही एकूण वजनाबरोबर वजनाची ही वाटणी मोजतात आणि तिला ‘स्विंग वेट’ म्हणतात. ताठ शाफ्ट संथ हातात धरला की चेंडू खाली राहतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू बहुधा उजवीकडे निसटतो. माझे चेंडू दीड वर्ष उजवीकडेच जात होते, आणि मी दोष माझ्या मनगटांना देत राहिलो.

माझी उंची पाच फूट चार इंच आहे. मला तयार सेट चालेल का?

पुरुषांसाठीचा तयार सेट साधारणपणे पाच फूट नऊ-दहा इंच उंचीचा माणूस डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला असतो, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे अनेकांच्या बाबतीत खरा आहे. केवळ उंचीवरून निर्णय घेऊ नये. खेळण्याचे बूट घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावेत आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यावे. उंच माणसाचे हात लांब असतील तर त्याला प्रमाण लांबीचा क्लब चालतो, आणि बुटक्या माणसाचे हात आखूड असतील तर त्यालाही तोच चालू शकतो. हे अंतर साधारण 34 ते 36 इंच भरले तर लांबीत बदल करण्याची बहुधा गरज नसते. त्याहून बरेच कमी भरले तर अर्धा इंच आखूड क्लब मागावा. 7 नंबरच्या स्टील आयर्नची प्रमाण लांबी 37 इंचांच्या आसपास असते, हे तुलनेसाठी लक्षात ठेवावे.

लांबीइतकाच महत्त्वाचा म्हणजे ‘लाय’, अर्थात क्लबचा तळ जमिनीवर ठेवल्यावर दांडा किती अंशांत उभा राहतो तो कोन. फटक्याच्या क्षणी तळाचे टोक वर उचललेले असेल तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो, आणि टाच, म्हणजे दांड्याकडची बाजू, वर उचललेली असेल तर उजवीकडे. हे घरच्या घरी तपासण्याची एक चांगली युक्ती आहे. पांढऱ्या फळ्यावर लिहितात त्या मार्करने चेंडूवर एक जाड रेघ ओढावी, ती रेघ क्लबच्या बाजूला आणि जमिनीला लंब राहील अशा रीतीने चेंडू ठेवावा आणि फटका मारावा. रेघेचा ठसा क्लबच्या तोंडावर उमटतो. तो सरळ उभा असेल तर लाय जुळला; वरचे टोक क्लबच्या टोकाकडे झुकले असेल तर क्लब अधिक उभा आहे, आणि टाचेकडे झुकले असेल तर अधिक आडवा. पाच-सहा फटक्यांनी सारखाच ठसा येतो का, ते पाहूनच निष्कर्ष काढावा.

मुठीचेही एक माप आहे. वरच्या हाताने, म्हणजे उजवे खेळत असल्यास डाव्या हाताने, ग्रिप धरल्यावर मधल्या दोन बोटांची टोके तळहाताला अलगद टेकली पाहिजेत. ती तळहातात रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, पोहोचतच नसतील तर जाड आहे. ग्रिप बदलणे स्वस्त आणि सोपे काम आहे, त्यासाठी क्लब नाकारू नये.

लांब क्लब उद्यमनगरात नेऊन कापून घेतला तर चालेल का?

दांडा कापणे तेथील कोणत्याही कारागिराला अवघड नाही, परंतु परिणाम समजून घेऊनच ते करावे. अर्धा इंच कापल्याने क्लब हाताला बराच हलका लागू लागतो आणि शाफ्ट थोडा ताठ होतो. अर्ध्या इंचापर्यंत हे निभावते. त्याहून अधिक कापायचे असेल तर डोक्याला वजन जोडावे लागते, आणि तेव्हा हे काम क्लब दुरुस्त करणाऱ्याकडेच द्यावे. दांडा नेहमी मुठीच्या बाजूने कापतात, डोक्याच्या बाजूने कधीही नाही. ग्राफाइटचा दांडा पाइप कटरने कापू नये, त्याचे तंतू चिरडतात. कापण्याच्या जागी घट्ट चिकटपट्टी गुंडाळून बारीक दातांच्या पात्याने कापावा, आणि त्याची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून मास्क लावावा.

क्लब वापरून पाहण्यासाठी कोठे जावे?

पुणे हे आपल्याला सोयीचे ठिकाण आहे. महामार्गाने सुमारे 230 किलोमीटर. येरवड्याला पूना क्लब या संस्थेचे गोल्फचे मैदान आहे आणि बावधनच्या बाजूला ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टचे. सदस्य नसलेल्यांसाठीचे नियम आणि सरावाच्या वेळा आधी दूरध्वनीवरून विचारून घ्याव्यात. जाताना स्वतःचे बूट न्यावेत, कारण टाचेच्या उंचीने लांबी व लाय दोन्ही बदलतात. थोडी टाल्कम पावडरही न्यावी: ती क्लबच्या तोंडावर हलकेच लावून दहा चेंडू मारावेत आणि ठसे कोठे उमटतात ते पाहावे. जो क्लब दहापैकी सर्वाधिक ठसे मध्याजवळ देतो तो आपला. अंतर मोजणाऱ्या यंत्रावर दिसणारा एखादा सर्वांत लांब फटका पाहून मोह होतो, पण मैदानावर तो फटका शंभरातून एकदाच येतो.

प्रवासाने हात आखडलेले असतात, म्हणून पहिले पंधरा-वीस फटके हिशेबात धरू नयेत.

माझा भाचा अमेरिकेहून येणार आहे. त्याला काय आणायला सांगावे?

हा प्रश्न ऐकला की मला काळजी वाटते, कारण भाचा प्रेमाने जे आणतो ते परत करता येत नाही आणि न वापरता ठेवले तर त्याचे मन दुखावते. त्याला केवळ ‘चांगला सेट आण’ असे सांगू नये. आपले मनगट ते जमिनीचे अंतर, उंची, हाताची लांबी, उजवे की डावे, शाफ्टचे वजन व ताठपणा हे सर्व लिहून पाठवावे. तेथे वापरलेल्या क्लबचा बाजार मोठा आणि सुव्यवस्थित आहे. चार-पाच वर्षांपूर्वीचे चांगल्या अवस्थेतील आयर्न मागवणे नव्यापेक्षा शहाणपणाचे. विमानाचे सामान आणि सीमाशुल्क यांची चौकशी त्याने निघण्यापूर्वीच करावी. पिशवीत डोक्यांभोवती टॉवेल गुंडाळावेत आणि सर्वांत लांब क्लबपेक्षा उंच अशी एक मजबूत काठी मध्ये उभी ठेवावी, म्हणजे पिशवी क्लबच्या डोक्यांच्या बाजूने आपटली तरी धक्का काठी घेते.

जुने, वापरलेले क्लब घेताना काय तपासावे?

सर्वप्रथम सर्व आयर्नांचे शाफ्ट एकाच जातीचे आहेत का, ते त्यांवरील पट्ट्या वाचून पाहावे. मोडलेल्या जागी दुसराच शाफ्ट बसवलेला सेट पुष्कळदा दिसतो. डोके एका हातात व दांडा दुसऱ्या हातात धरून हलके पिळावे. मानेपाशी जराही हालचाल किंवा कुरकुर जाणवली तर डोके चिकटवणारा इपॉक्सी हा गोंद सुटत आला आहे. डोके पुन्हा बसवता येते, पण तेवढी किंमत कमी करून घ्यावी. स्टीलच्या दांड्यावर वरवरचा गंज असेल तर चालतो. नखाला लागणारे खड्डे असतील तर तो दांडा केव्हाही तुटू शकतो, तो घेऊ नये. ग्राफाइटवर पिशवीच्या कडेने घासून पडलेली खोल रेघ हाही नकाराचाच संकेत. ड्रायव्हर कानाजवळ हलवून आत काही खुळखुळते का ते ऐकावे आणि तोंडावर केसासारखी रेघ आहे का, ते उजेडात तिरके धरून निरखावे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. क्लबवरील नंबर म्हणजे कोन नव्हे. जुन्या काळच्या 7 नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा तिरपेपणा, 34-36 अंश असे. आज नवशिक्यांसाठी बनवलेल्या अनेक सेटमध्ये तो 28 ते 30 अंशांवर आला आहे. त्यामुळे एका सेटचा 7 आणि दुसऱ्या सेटचा 9 एकत्र केल्यास मध्ये मोठी दरी पडू शकते किंवा दोन क्लब जवळजवळ सारखेच निघू शकतात. शक्य तेथे अंश विचारावेत.

स्वस्तात मिळणारा नामांकित कंपनीचा ड्रायव्हर बनावट आहे हे कसे ओळखावे?

किंमत निम्म्याहून कमी असेल तर संशय घ्यावा. अनुक्रमांक पुसट किंवा वाकडा असणे, अक्षरांतला रंग ओबडधोबड भरलेला असणे, दांडा आणि मान यांमधली प्लॅस्टिकची वाटी पुढे आलेली असणे या खुणा आहेत. लोहचुंबक न्यावा: टायटॅनियमच्या तोंडाला तो चिकटत नाही. चिकटला तर ‘टायटॅनियम’ हा दावा खोटा आहे. न चिकटल्याने मात्र क्लब अस्सल ठरत नाही, कारण ॲल्युमिनियमलाही तो चिकटत नाही.

ड्रायव्हर पहिल्या सेटमध्ये का नको? सर्वांत जास्त मजा तर त्यातच आहे.

मजा आहे हे मान्य, आणि ती अनुभवण्यासाठी सरावाच्या मैदानावर जरूर मारावा. परंतु सुमारे 45 इंचांचा दांडा आणि 9 ते 12 अंशांचे जवळजवळ उभे तोंड, यांमुळे लहानशी चूकही चेंडूला झाडीत पोहोचवते. 18-19 अंशांचा 5 नंबरचा वुड अंतर थोडे कमी देतो, पण चेंडू झाडीत न जाता सरळ मार्गावर राहतो. ड्रायव्हर घेण्याची वेळ आली की डोके नियमाने मान्य असलेल्या 460 घनसेंटीमीटरच्या जवळपासचे घ्यावे आणि लॉफ्ट 10.5 अंशांपेक्षा कमी घेऊ नये; 12 अंशांचा मिळाला तर अधिक चांगला.

वेजवर लिहिलेल्या ‘बाउन्स’चा आपल्याकडील जमिनीशी काय संबंध?

बराच आहे. वेजचा तळ पुढच्या कडेपेक्षा किती अंश खाली फुगलेला आहे, ते बाउन्स दाखवतो. 12-14 अंशांचा फुगीर तळ मऊ वाळूत आणि पावसाळ्यातील भुसभुशीत जमिनीत रुतत नाही. तोच तळ उन्हाळ्यात मुरमाड, कडक झालेल्या जमिनीवर आपटून उसळतो आणि क्लबची कड चेंडूच्या मध्यावर लागते. वर्षातले सात-आठ महिने कोरड्या जमिनीवर खेळणाऱ्याने 56 अंशांचा आणि 8 ते 10 बाउन्सचा सँड वेज घ्यावा, तो दोन्ही ऋतूंत निभावून नेतो. पिचिंग वेज 44 अंशांचा असेल तर पुढे कधीतरी 50 अंशांचा एक वेज मध्ये घालावा. 60 अंशांचा वेज सध्या नको.

पटर कोणताही चालेल का?

चालणार नाही, आणि तरीही बहुतेक जण तो सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत घेतात. फेरीतील जवळजवळ निम्मे नाही तरी तिसरा हिस्सा फटके नवशिक्याला पटरनेच मारावे लागतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताच्या गोल्फपटू अदिती अशोक चौथ्या आल्या. त्या लांब फटके मारणाऱ्यांत मोडत नव्हत्या. हिरवळीवरील अचूकतेच्या बळावर त्या शेवटच्या भोकापर्यंत पदकाच्या शर्यतीत टिकल्या. पटर 33 ते 35 इंचांचा असतो. वाकून उभे राहिल्यावर डोळे चेंडूच्या बरोबर वर किंवा किंचित आत येतील तीच आपली लांबी. मागे मोठे डोके असलेला ‘मॅलेट’ पटर सरळ मागे-पुढे हात नेणाऱ्याला सोयीचा, तर पातळ ब्लेड पटर किंचित कमानीत हात फिरवणाऱ्याला.

स्त्रियांनी आणि मुलांनी कोणते क्लब घ्यावेत?

स्त्रियांसाठीचे क्लब साधारण एक इंच आखूड, हलके आणि लवचिक असतात. एखादी उंच किंवा मैदानी खेळ खेळलेली स्त्री पुरुषांच्या ए किंवा आर शाफ्टने अधिक चांगली खेळू शकते, आणि एखाद्या वयस्कर पुरुषाला स्त्रियांसाठीचा शाफ्ट योग्य ठरू शकतो. रंग आणि लेबल पाहून अडून राहू नये.

मुलांना मोठ्यांचे कापलेले क्लब देऊ नयेत. ते जड आणि ताठ राहतात, आणि ते उचलण्यासाठी मूल कंबर मागे झुकवून हात फिरवू लागते. ही सवय पुढे सुटत नाही. वयापेक्षा उंचीनुसार बनवलेले मुलांचे तीन-चार क्लब पुरेत.

मी डावखुरा आहे.

क्रिकेटमध्ये ज्या बाजूने फलंदाजी करता त्या बाजूने दोन-चार वेळा क्लब फिरवून पाहावा आणि ज्या बाजूने तोल राहतो ती निवडावी. डाव्या बाजूचे क्लब आपल्याकडे कमी मिळतात, परंतु केवळ त्या कारणाने बाजू बदलू नये.

चेंडू कोणता घ्यावा?

दोन थरांचा, स्वस्त आणि टिकाऊ. सगळे चेंडू किमान 42.67 मिलिमीटर व्यासाचे आणि कमाल 45.93 ग्रॅमचे असावे लागतात, आणि महागड्या चेंडूचा फरक नवशिक्याला जाणवत नाही.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात क्लब कसे सांभाळावेत?

जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरातली हवा इतकी दमट असते की पिशवीत मिटून ठेवलेला सेट महिन्याभरात बुरसतो. खेळून आल्यावर डोक्यांवरची आवरणे लगेच काढावीत, प्रत्येक क्लब सुती फडक्याने पुसावा आणि रात्रभर पंख्याखाली भिंतीला टेकवून उभा ठेवावा. पिशवीही उलटी करून वाळवावी. फोर्ज्ड कार्बन स्टीलच्या डोक्याला शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. ग्रिप महिन्यातून एकदा कोमट पाण्याने व साध्या साबणाने धुवाव्यात, म्हणजे घामाचा चिकट थर निघतो. त्या कडक होऊन चकाकू लागल्या की बदलाव्यात. नियमित खेळणाऱ्याला वर्षातून एकदा ते करावे लागते.

उन्हाळ्यात मात्र काळजी वेगळी. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत क्लब दिवसेंदिवस ठेवल्यास मानेतील इपॉक्सी उष्णतेने कमकुवत होते आणि ग्रिपखालची चिकटपट्टी सुटून ग्रिप फिरू लागते. घरी आल्यावर पिशवी डिकीतून काढून सावलीत, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावी.